क्यासनूर विषाणू

क्यासनूर विषाणू : माकडताप (क्यासनूर जंगल रोग) या रक्तस्रावी तापाचा कारक, गोचिडांद्वारे पसरणारा आरएनए विषाणू.

इतिहास : १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात वानर व माकडे मरून पडू लागली आणि लगतच्या गावांत तीव्र तापाची साथ आली. माकडे दगावत असल्याने प्रथम पीतज्वराची शंका घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) त्याच वर्षी हा नवा विषाणू वेगळा केला.

स्वरूप व वर्गीकरण : गोलाकार, मेदावरणयुक्त कण. जनुकद्रव्य सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांचा एकपदरी, धन आरएनए. म्हणून बाल्टिमोर पद्धतीत गट ४. कोशिकेत शिरताच त्यावरून थेट एक दीर्घ प्रथिन बनते व त्याचे तुकडे होऊन ३ रचनात्मक आणि ७ अरचनात्मक प्रथिने तयार होतात. कुल फ्लॅविव्हिरिडी, प्रजाती ऑर्थोफ्लॅविव्हायरस. डेंग्यू व पीतज्वराचे विषाणू याच प्रजातीतले असले, तरी ते डासांमार्फत पसरतात. क्यासनूर विषाणू गोचीडवाहित गटात मोडतो. सौदी अरेबियातील अल्खुर्मा विषाणू त्याचा निकटचा आप्त आहे. क्यासनूर विषाणूच्या मूळ उगमाबद्दल एकमत नाही.

प्रसार : मुख्य वाहक हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. माणसाला प्रामुख्याने तिची तिळाहून लहान अर्भकावस्था चावते. चावल्याचे अनेकदा कळतही नाही. माकड मेल्यावर अंगावरच्या गोचिडी उतरून भोवतालच्या पाचोळ्यात पसरतात व ती जागा धोक्याची बनते. गुरांच्या रक्तावर प्रौढ गोचिडी पोसतात. रोगाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. म्हणजे काजूबागांतील साफसफाई व वेचणीचे दिवस. माणसाकडून माणसाला संसर्ग होत नाही.

महाराष्ट्र व गोवा : २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात साथ आढळली, पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरही बाधित झाला.

लक्षणे : एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी, क्वचित रक्तस्राव. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के.

उपचार : विशिष्ट औषध नाही.

प्रतिबंध : फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली गेली, परिणामकारकतेविषयी मतभेद होऊन तिचा वापर थांबला. जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेला गोचीडरोधक तेल लावावे. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे.