न भुंकलेला कुत्रा आणि रहस्यकथेतील नवा शोधक

मराठी माणसाला रहस्यकथेची गोडी कोणी लावली, असे विचारले तर जुन्या पिढीतील वाचक बाबूराव अर्नाळकरांचेच नाव घेतील. चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६) यांनी आपल्या वसई तालुक्यातील अर्नाळा गावावरून हे टोपणनाव घेतले आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे म्हणजे धाडसी, हजरजबाबी पुरुष. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले ओळखणारे. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) फुरसुंगीच्या बनेश फेणे या शाळकरी पोरालाच शोधक केले, ही मोठीच झेप होती. पण फेणेही चळवळ्या, बोलका आणि सवंगड्यांत रमणारा. ज्याला माणसांचे चेहरे वाचताच येत नाहीत, असा मुलगा कधी गुन्ह्याचा छडा लावील, ही कल्पना त्या काळी कोणाला सुचणेच कठीण होते.

असा मुलगा आपल्या साहित्यात आला नाही असे नव्हे. १९९१ सालच्या ‘चौकट राजा’तील नंदू दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केला, जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाच्या आईबापांची घालमेल रंगमंचावर मांडली. या कृतींचे मोल थोर आहे. तथापि तेथे आपण त्या मुलाकडे इतरांच्या नजरेतून पाहतो आणि रुमाल डोळ्यांना लावून घरी जातो.

२००३ साली इंग्लंडमध्ये मार्क हॅडन यांची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी आली आणि नजर उलटली. येथे निवेदकच पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर बून आहे. शेजारणीचा वेलिंग्टन नावाचा कुत्रा बागेतील काट्याने भोसकून कोणी मारला, याचा तो शोध घेतो. ग्रंथनाम कॉनन डॉयलच्या १८९२ मधील होम्सकथेतून घेतलेले: रात्री कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचाच असला पाहिजे. ख्रिस्तोफरला खोटे बोलता येत नाही, विनोद उमगत नाही. प्रकरणांना तो फक्त मूळ संख्यांचे क्रमांक देतो. २, ३, ५, ७... मात्र मोठी माणसे सोयीस्करपणे डोळ्यांआड करतात, ते सारे तो टिपून ठेवतो. मारेकरी कोण, हे येथे सांगून वाचकांचा हिरमोड करीत नाही. एवढेच म्हणतो की उत्तर घरापासून फार दूर नाही.

स्विंडनहून लंडनपर्यंतचा त्याचा एकट्याने केलेला रेल्वेप्रवास हे पुस्तकाचे मर्म. पाट्या, घोषणा, गर्दी सारे एकदम अंगावर येते. विक्रोळीकरांना हे समजावून सांगायला नको. आपल्या स्थानकावर बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. त्या भोंगा वाजवीत धडधडत निघून जातात, तेव्हा फलाटावर दोन्ही कानांवर हात दाबून उभे असलेले एखादे मूल आणि ‘पोराला शिस्त नाही’ असे पुटपुटणारा जमाव आपण पाहिलेला असतो.

पहिल्या आवृत्त्यांच्या वेष्टणावर ‘अ‍ॅस्पर्जर’ हा शब्द होता. कथेत तो कोठेही नाही. पुढे हॅडन यांनीच ही कादंबरी त्या विकाराविषयीची नसल्याचे सांगितले. स्वमग्न वाचकांपैकी अनेकांनी हे चित्र बाहेरच्याने रेखाटलेले आहे, असा आक्षेप घेतला. तो मला रास्त वाटतो.

शब्दाचे महत्त्व आपल्याकडे निराळ्याच कारणाने होते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच या अवस्थेचे वर्णन केले होते. पण आपल्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. मधल्या काळात प्रवेशअर्जावर काय लिहावे, या विवंचनेत किती आईबापांनी ‘मतिमंद’ या रकान्यावर खूण केली असेल!

सायमन स्टीफन्स यांनी या कादंबरीचे केलेले नाट्यरूप २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले. त्याच्या अखेरीस ख्रिस्तोफर गणिताच्या परीक्षेत उत्तम श्रेणी मिळवतो आणि आपल्या शिक्षिकेला विचारतो, आता मला काहीही करता येईल ना? तो पुन्हा पुन्हा विचारतो. शिक्षिका उत्तर देत नाही.