‘आता या वयात पोट फाडायचं कशाला?’

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या डिंगोऱ्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, की घरात पहिला प्रश्न हाच निघतो. या प्रश्नाला इतिहास आहे. पूर्वी अशा शस्त्रक्रियेत पोटावर वीतभर छेद घ्यावा लागे. वेदनेमुळे खोल श्वास घेता येत नसे, खोकता येत नसे; कफ साठून न्यूमोनिया होई. गाठ निघे, पण म्हातारं माणूस अंथरुणाला खिळे.

छिद्रातून दुर्बीण घालून पोटात पाहण्याचं तंत्र मुंबईत तसं लवकर आलं. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया १९७२पासून ते निदानासाठी वापरत होते. १९८५मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९०मध्ये उडवाडियांनी भारतातली तशी पहिली शस्त्रक्रिया जे. जे.मध्येच केली. त्याच वर्षी मायामीत मोइसेस जेकब्स यांनी मोठ्या आतड्याचा भाग याच पद्धतीने काढला.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र पाऊल अडखळलं. छिद्रांच्या व्रणांत पुन्हा गाठी उगवल्याची उदाहरणं प्रसिद्ध झाली आणि शल्यविशारद धास्तावले. शंका फेडायला अमेरिकेत १९९४मध्ये तुलनात्मक चाचणी सुरू झाली. रुग्ण ८७२. २००४मध्ये निष्कर्ष आले: तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८, म्हणजे जवळजवळ सारखंच. रुग्णालयातला मुक्काम सहाऐवजी पाच दिवस. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: यातले निम्मे रुग्ण साधारण सत्तरीच्या पुढचे होते. ज्यांच्याबद्दल आपण ‘कशाला?’ म्हणतो, त्यांच्यावरच ही पद्धत पारखली गेली.

ही जादू नव्हे. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवावं लागतं, रुग्णाला तिरकं झोपवावं लागतं. हृदय आणि फुप्फुसं दुबळी असतील तर त्याचा ताण पडतो. आतड्याचा तुकडा बाहेर काढायला लहानसा छेद लागतोच, आणि आतला जोड गळण्याचा धोका दोन्हीकडे असतो. म्हणून नुसतं वय पाहून चालत नाही. माणूस किती चालतो, दम लागतो का, जेवण कसं आहे, हे पाहावं लागतं.

वेळेचाही हिशेब आहे. शौचातून रक्त गेलं, की मूळव्याध समजून महिनोन्महिने झाडपाला चालतो. मग आतडं तुंबतं, घाईघाईने नारायणगाव, तिथून पुणे. आणि अशा तातडीच्या वेळी लहान छिद्रांचा मार्ग बहुधा हाताशी राहत नाही. म्हाताऱ्याच्या वयाची चर्चा करण्याआधी घराने त्या वाया गेलेल्या महिन्यांची चर्चा करावी.