विजय हजारे यांच्या ३०९ धांवा

क्रिकेटभक्ताचें सुख आणि दुःख एकाच डावांत पाहावयाचें असेल, तर १९४३ सालचा पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना आठवावा. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदु संघानें ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. 'इतर' संघ १३३ धांवांत गारद झाला. फॉलोऑन मिळतांच सांगलीचे विजय हजारे, जे ख्रिस्ती म्हणून या संघांत होते, पाय रोवून उभे राहिले. बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धांवांची भागी केली. तींत विवेक यांच्या अवघ्या २१! एकूण ३८७ पैकीं ३०९ एकट्या विजय यांच्या. तरीहि पराभव, आणि तोहि डावानें! धर्मवार संघांची ही स्पर्धा १९४६ मध्यें बंद पडली, हें योग्यच झालें. पण 'इतरां'चा भक्त त्या सायंकाळीं हार विसरून ३०९ हाच आंकडा घोकीत घरीं गेला असेल, असें मला वाटतें.