वाघोबाचा मुलूख आणि बिबट्याची निवड

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली पाड्यांच्या आसपास वाघोबा या देवाची ठाणी आढळतात. शेंदूर फासलेल्या दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ कोरलेला असतो, बहुधा चंद्र-सूर्यांसह. वाघबारशीला त्याची पूजा होते. पट्टेरी वाघ या मुलखातून केव्हाच गेला. बिबट्या मात्र टिकला. याचे कारण दोघांच्या जागेच्या निवडीत आहे.

अन्न, पाणी, आडोसा, पिलांची सुरक्षितता आणि आधीच ठाण मांडून बसलेले स्पर्धक यांवर प्राण्याच्या जागेची निवड ठरते. उत्तम जागेत गर्दी झाली की तिथला वाटा आटतो आणि दुय्यम जागाही तेवढीच लाभाची ठरते, असे परिस्थितिकीचे अभ्यासक फ्रेटवेल आणि लुकास यांनी 1960च्या दशकाअखेर मांडले. म्हणूनच एखाद्या ठिकाणी प्राणी पुष्कळ दिसले, एवढ्यावरून तिथे प्रत्येकाला जास्त लाभ होतो असे म्हणता येत नाही. वाघाला सलग रान आणि सांबरासारखे मोठे भक्ष्य लागते. बिबट्या ओढ्याकाठच्या झुडपांत दडतो आणि कुत्र्या-शेळीवरही भागवतो.

सलग रान तुटत गेले ते एकोणिसाव्या शतकापासून. 1860च्या दशकात मुंबई-सुरत रेल्वे सुरू झाली आणि इथले लाकूड मुंबईला पोचणे सोपे झाले. जमीनदारांच्या कुरणांतले गवत तबेल्यांसाठी जाऊ लागले. ते कापणाऱ्या वारल्यांची मजुरी इतकी तुटपुंजी होती, की 1945च्या वारली उठावात गवतकापणीचा दर हीच प्रमुख मागणी ठरली. या मुलखातील रानाचा इतिहास वारल्यांवर लादलेल्या वेठबिगारीला वगळून सांगताच येणार नाही.

रान तुटले तसे काही प्राण्यांसाठी नव्या जागाही घडल्या. किनाऱ्याकडे घोलवड-बोर्डी भागात इराणी-पारशी बागायतदारांनी चिकू रुजवला. सदाहरित सावली आणि जवळपास वर्षभर फळे, यामुळे फलाहारी वटवाघळांना इथे नवे खाद्य मिळाले.

निवड फसतेही. प्राणी पूर्वापार खुणा पाहून जागा धरतो. भोवतालचा धोका नवा असेल तर तीच जागा जिवावर उठते. परिस्थितिकीत याला सापळा म्हणतात. तलासरीतून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर बिबटे वाहनांखाली मेले आहेत.

20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून उद्योगांवर मर्यादा घातल्या आणि भोवती 25 किलोमीटरचा पट्टा आखला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. या संरक्षणाचा खरा कस ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात आणि रानाच्या तुकड्यांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यांत लागतो, कारण बिबट्याची ये-जा तिथूनच होते.