मराठी वर्गातील साधने आणि मुलांच्या शिकण्याच्या तऱ्हा

मराठी मुलखातील शाळेत शिकवण्याची साधने गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. धूळपाटी जाऊन दगडी पाटी आली. तिच्यामागून छापील पुस्तक, फळा, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, संगणक आणि शेवटी शिक्षकाच्या हातातला मोबाइल आला. दर बदलाच्या वेळी एक प्रश्न नव्याने उभा राहिला. एका वर्गातली मुले एकाच वेगाने आणि एकाच रीतीने शिकत नाहीत. मग साधनाने मुलाच्या कलाने चालायचे, की मुलाने साधनाच्या? प्रत्येक काळाने या प्रश्नाचे आपले उत्तर दिले आणि शाळेचे रूप त्या उत्तरावर ठरत गेले.

पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अंमलाच्या आरंभी गावोगावी पंतोजींच्या शाळा भरत. देवळाचा सभामंडप, एखाद्या वाड्याची ओसरी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर हीच शाळेची जागा असे. पंतोजींना मोबदला मिळे तो थोडा रोख आणि थोडा धान्याच्या रूपाने. तेथे इयत्ता नव्हत्या आणि छापील पुस्तकेही नव्हती. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यात काडीने अक्षर गिरवायचे, पुसायचे आणि पुन्हा गिरवायचे. हात बसला की बोरू आणि शाई घेऊन कागदावर मोडीचे वळण घटवायचे. गणित मुख्यतः तोंडी असे: पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. संध्याकाळी परवचा म्हटला जाई.

या शाळेत प्रत्येक मूल आपापल्या टप्प्यावर असे. एकाचे धूळपाटीवर मुळाक्षर चाले, तर शेजारी बसलेला दुसरा पत्रलेखनाचा मायना शिके. मोठी मुले लहानांना शिकवीत. वेग ज्याचा त्याचा होता. रीत मात्र सर्वांना एकच होती, ती पाठांतराची, आणि तिच्यामागे छडीचा धाक असे. या शाळेचे दारही सर्वांना उघडे नव्हते. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तिच्या बाहेरच राहिली.

1822 मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक संस्था स्थापन झाली. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ती पुढे ओळखली गेली. तिला गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा पाठिंबा होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तके मराठीत आली आणि शिळाप्रेसवर छापली गेली. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर 1855 मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते उभे राहिले. मेजर थॉमस कँडी यांनी तयार केलेली क्रमिक पुस्तके पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती पडली. आता शाळेला इयत्ता आल्या, इयत्तेला नेमलेले पुस्तक आले, आणि पुस्तक पुरे झाले की नाही हे पाहायला तपासनीस आला.

याच काळात दगडी पाटी, पेन्सिल, फळा आणि खडू वर्गात रुळले. फळ्यामुळे एक शिक्षक एकाच वेळी चाळीस मुलांना एकच गोष्ट दाखवू शकला, आणि शिक्षण अनेकांपर्यंत पोहोचवायचे तर हे सामर्थ्य हवेच होते. त्याची किंमतही होती. पंतोजींच्या शाळेत मूल मागे राहिले तर ते आपल्या टप्प्यावर थांबे; इयत्तेच्या शाळेत ते नापास होऊ लागले.

साधन कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न त्याहून मोठा होता. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पाटी-पुस्तक नव्या हातांत दिले. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, प्रशिक्षित शिक्षक नेमावेत आणि त्यांना पुरेसा पगार द्यावा, अशी मागणी केली. अभ्यास मुलाच्या जगण्याशी जोडलेला असावा, हा विचार तेथे स्पष्टपणे मांडला गेला.

विसाव्या शतकात या विचाराला बालशिक्षणाचे शास्त्र मिळाले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीवर त्यांची श्रद्धा होती, पण तिची साधने महाग होती आणि परदेशी घरातल्या मुलांसाठी घडवलेली होती. ताराबाईंनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या, मातीची भांडी यांतून मोजणे, वर्गवारी, रंग आणि आकार शिकवले जाऊ लागले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडी त्यांच्या वस्तीत जाई. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलल्यावर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी चराईच्या जागीच कुरणशाळा भरू लागली. हाताने हाताळणे, गाणे, नाचणे, निसर्ग पाहणे या शिकण्याच्या वेगवेगळ्या वाटा येथे रोजच्या वर्गाचा भाग झाल्या. साधन शिक्षिकेला स्वतः घडवता येते आणि बदलताही येते, हा कोसबाडचा मोठा धडा आहे.

स्वातंत्र्यानंतर शाळांची संख्या झपाट्याने वाढली आणि सर्वांपर्यंत एकसारखी सामग्री पोहोचवणे हे राज्याचे काम झाले. 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले. 1971 मध्ये त्याचे ‘किशोर’ मासिक निघाले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा योजनेचे लक्ष्य असे होते की प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे. फळ्याला शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही देशातल्या असंख्य शाळांना तो पुरेसा मिळालेला नव्हता, हे या योजनेच्या नावातूनच कळते.

प्रक्षेपणाची साधने याच काळातली. भारतात 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्रात 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था उभी राहिली आणि तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून घरोघर पोहोचले. प्रयोगशाळा नसलेल्या गावातल्या मुलांना त्यामुळे प्रयोग डोळ्यांनी पाहता आले. मात्र प्रक्षेपणाचा वेळ ठरलेला असे. त्या वेळी वीज हवी, संच हवा आणि वर्गात तोच धडा चालू हवा. न समजलेला भाग थांबवून पुन्हा पाहणे शक्य नव्हते. 2017 मध्ये ही संस्था बंद झाली.

शाळेतील संगणकाचा आरंभही 1984 चाच. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. बहुतेक शिक्षकांना ते हाताळण्याची सवय नव्हती आणि भारतीय भाषांतील सामग्री तुटपुंजी होती. महाराष्ट्रात ही सवय लागायला 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएल या संस्थेच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची मोठी मदत झाली. शिक्षकांच्या एका पिढीने टंकन, ई-मेल आणि इंटरनेट तेथे शिकून घेतले.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाला मध्यवर्ती स्थान दिले. मूल ऐकून ज्ञान साठवत नाही, अनुभवातून ते स्वतः रचते, असा त्याचा गाभा. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या शाळांनी तो प्रत्यक्षात आणला. फरशीवर आखलेल्या आकृत्या, मणी, काड्या, शब्दपट्ट्या यांच्याभोवती गटागटाने बसून शिकणारी मुले पाहायला राज्यभरातून शिक्षक तेथे जाऊ लागले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने अशा कामाला वेग दिला. त्याच सुमारास ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाडा शाळेचे डिजिटल रूप चर्चेत आले आणि अनेक गावांनी लोकवर्गणीतून शाळेला प्रोजेक्टर, पडदे आणि टॅब्लेट मिळवून दिले.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडले. कोड मोबाइलने वाचला की कविता ऐकता येई, चित्रफीत पाहता येई, सराव करता येई, आणि हवी तितक्या वेळा परत करता येई. बालभारतीच्या पुस्तकांतही पुढे असे कोड आले. 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाने त्यांना सामग्रीचा साठा पुरवला. डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

ऑनलाइन साधनांची निवड करताना ‘अध्ययन शैली’ हा शब्दप्रयोग वारंवार पुढे येतो. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि कृतीतून शिकणारे असे चार प्रकार आहेत. 1983 मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी मांडलेला बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त याहून वेगळा आहे, हे गार्डनर यांनी स्वतः सांगितले आहे. 2008 मध्ये अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा मुलाला एका शैलीत बसवून त्याच शैलीत शिकवल्याने त्याचे शिक्षण सुधारते, याला पुरेसा पुरावा आढळला नाही. त्यामुळे मुलावर ‘पाहून शिकणारा’ असा शिक्का मारणे चुकीचे ठरते. एकच संकल्पना चित्रातून, शब्दांतून आणि कृतीतून सर्वच मुलांपुढे ठेवणे अधिक उपयोगी पडते. अपूर्णांक भाकरीच्या तुकड्यांतूनही कळावा आणि पडद्यावरच्या आकृतीतूनही.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि या सर्व साधनांची एकदम कसोटी लागली. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वाध्याय गेले, झूम आणि गूगल मीटवर तास झाले. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. घरातल्या वस्तू आणि परिसर वापरून पहिली ते आठवीची मुले काय शिकू शकतील, हे तिने दाखवले. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता. जेथे एक फोन होता तो वडिलांबरोबर कामावर जाई, आणि दोन भावंडांचा तास एकाच वेळी आला तर एकाचा बुडे. नव्या साधनाने पुन्हा एकदा काही मुले दाराबाहेर ठेवली.

या दोनशे वर्षांत जी साधने वर्गात टिकली, त्यांत दोन गुण समान आढळतात: शिक्षकाला ती आपल्या मुलांसाठी वळवता आली आणि ती मुलांच्या हाती खरोखर पडली. फळ्यावर शिक्षक हवे ते लिहू शकला, शिंपल्यांतून ताराबाईंना हवे ते शिकवता आले, क्यूआर कोडमागची सामग्री शिक्षकाने स्वतः तयार केली. बीबीसी मायक्रो आणि ठरल्या वेळेचे प्रक्षेपण यांना अशी सवड नव्हती. ऑनलाइन साधन निवडणाऱ्या आजच्या शिक्षकाला हीच कसोटी लावता येते: ते आपल्या वर्गाप्रमाणे बदलता येते का, आणि वर्गातल्या शेवटच्या मुलापर्यंत पोहोचते का.