यादी कोणाच्या हातात? अमेरिकन ज्यूरीच्या टपालाचा इतिहास आणि आपण

कायद्यात हक्क लिहिला गेला म्हणजे लढाई संपली, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. हक्क मिळाला, आता अंमलबजावणी सरकार करील! पण अंमलबजावणी म्हणजे नेमके काय? ती एखाद्या कारकुनाच्या टेबलावरची यादी असते, त्या यादीतून निघालेली नोटीस असते, आणि ती नोटीस कोणाच्या दारात पोहोचली नाही याचा हिशेब असतो. हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ज्यूरीसाठी दिलेला लढा पाहावा लागतो.

ज्यूरी म्हणजे सामान्य नागरिकांचे पंचमंडळ. आरोपी दोषी की निर्दोष हे न्यायाधीश नव्हे, तर साधारणतः 12 नागरिक ठरवतात. महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. 1908 साली टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात 9 जणांच्या ज्यूरीत 7 युरोपियन आणि 2 पारशी होते, आणि निकाल 7 विरुद्ध 2 असा लागला. ज्यूरीत कोण बसले यावर न्याय ठरतो, हे तेव्हा सगळ्यांना पटले. पण 1919 मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या स्वतःच्या प्रतिनिधित्वाची मागणी केली, तेव्हा तोच तर्क अनेकांना गैरसोयीचा वाटला. परकीयांच्या ज्यूरीवर अविश्वास दाखवला तर देशभक्ती, आणि सवर्णांच्या समितीवर दाखवला तर फुटीरता!

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावरही वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा कायदा सांगत होता की ज्यूरीत फक्त गोरे पुरुष बसतील. 1880 साली स्ट्राउडर खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कागदावर दार उघडले. मग दक्षिणेच्या गोऱ्या सत्तेने काय केले? कायद्यातून ‘गोरा’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी ‘प्रामाणिक’, ‘बुद्धिमान’, ‘चांगल्या चारित्र्याचा’, ‘समंजस’ असे शब्द राहिले. हे गुण कोणात आहेत ते ठरवणार गोरे अधिकारी. ‘मेरिट’ या शब्दाचा खेळ आपल्याला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

1931 साली अलाबामात 9 कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप झाला. स्कॉट्सबरो गावात निव्वळ गोऱ्यांच्या ज्यूरींनी त्यांतल्या 8 जणांना फाशी सुनावली. पुढे क्लॅरेन्स नॉरिस या आरोपीचे अपील सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा वकील सॅम्युएल लीबोविट्झ यांनी त्या काउंटीच्या ज्यूरीची मूळ नोंदवहीच न्यायाधीशांपुढे ठेवली. तिच्यात काही कृष्णवर्णीयांची नावे होती खरी, पण ती नंतर घुसवलेली होती. न्यायाधीशांनी भिंग लावून ती पाने पाहिली. 1935 चा निकाल नॉरिसच्या बाजूने लागला. त्या काउंटीत कृष्णवर्णीय माणूस ज्यूरीत बसल्याचे जुन्याजाणत्या माणसांनाही आठवत नव्हते. तत्त्वाचे भाषण सगळेच करतात. लीबोविट्झ यांनी वही मागितली, म्हणून खटला फिरला.

यादी पकडली गेली, की चलाखी पुढच्या टप्प्यावर सरकते. जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीत नावे पेटीत टाकून चिठ्ठी काढायचे. वरवर पाहता अगदी निःपक्ष! फक्त गोऱ्यांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या आणि कृष्णवर्णीयांच्या पिवळ्या. सुमारे 60 जणांच्या पॅनेलमध्ये एकही कृष्णवर्णीय निघाला नाही. 1953 साली एव्हरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली.

1955 साली मिसिसिपीत 14 वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. टॅलाहाची काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, पण मतदार यादीत त्यांतला एकही नव्हता. ज्यूरी त्याच यादीतून निवडली जाई. 12 गोऱ्या पुरुषांनी तासाभरात मारेकऱ्यांना निर्दोष सोडले. म्हणजे मतदार यादी बंद, तर ज्यूरीही बंद, आणि ज्यूरी बंद, तर खुनालाही माफी.

म्हणून 1965 चा मतदान हक्क कायदा आणि 1968 चा ज्यूरी निवड कायदा हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. 1968 पर्यंत अनेक फेडरल कोर्टांचे कारकून गावातल्या ‘प्रतिष्ठितां’ना विचारून नावे गोळा करत. नव्या कायद्याने हे थांबवले. नावे मतदार यादीतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीशिवाय, काढायची. त्यांना टपालाने अर्ज पाठवायचा. पात्र ठरलेल्यांना रजिस्टर टपालाने किंवा प्रत्यक्ष समन्स बजावायचे. वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश किंवा आर्थिक स्थिती यावरून कोणालाही वगळायचे नाही. ‘मला कोण योग्य वाटतो’ हा अधिकार साहेबाच्या हातून काढून पोस्टमनच्या पिशवीत टाकला गेला. पाकीट जात विचारत नाही.

पण पाकीट कोणाला निघते, हा प्रश्न उरतोच. मिसूरीतल्या जॅक्सन काउंटीत समन्स टपालानेच जाई. मात्र स्त्रियांना आपोआप सवलत होती, आणि स्त्रीने उत्तर दिले नाही तर तिला सवलत हवी आहे असे धरले जाई. पुरुषाचे मौन म्हणजे हजर राहण्याची जबाबदारी, स्त्रीचे मौन म्हणजे माघार! लोकसंख्येत निम्म्याहून अधिक स्त्रिया, पण प्रत्यक्ष पॅनेलमध्ये 15 टक्क्यांच्या आसपास. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी हा खटला लढवला आणि 1979 साली ती पद्धत घटनाबाह्य ठरली.

कनेक्टिकटची गोष्ट तर आजच्या संगणकयुगासाठीच आहे. तिथल्या फेडरल कोर्टाच्या यादीतून हार्टफर्ड हे अख्खे शहर गायब होते. संगणकाने ‘हार्टफर्ड’च्या इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे ‘डी’ अक्षर ‘मृत’ असे वाचले! हजारो जिवंत माणसे सरकारी कागदावर मेली. न्यू ब्रिटन शहरही यादीत नव्हते. त्या विभागातले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मतदार याच दोन शहरांत राहत होते. एका हिस्पॅनिक आरोपीने आव्हान दिल्यावर 1992 साली कोर्टाने ही निवड बेकायदा ठरवली. द्वेषाने वगळले की चुकीने, वगळलेल्यांना त्याने काय फरक पडतो?

2005 साली बॉस्टनमध्ये दोन कृष्णवर्णीय आरोपींच्या खटल्यात असे दिसले की गरीब वस्त्यांतली समन्सची पाकिटे ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत येतात. भाड्याच्या खोल्या, सतत बदलणारे पत्ते. न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी आदेश दिला की परत आलेल्या किंवा अनुत्तरित पाकिटाच्या बदल्यात त्याच पिनकोडच्या भागात दुसरे समन्स पाठवा. नियम बदलायचा तर तो ठरलेल्या मार्गाने बदला, असे सांगून वरच्या कोर्टाने आदेश फिरवला. पण प्रश्न विचारला गेला होता. नंतर त्या जिल्ह्याने पोहोचू न शकलेल्या समन्सांच्या बदल्यात त्याच भागात नवी समन्से पाठवण्याची सोय आपल्या नियमांतच केली.

काहीजण म्हणतील, आपल्याकडे ज्यूरी नाहीच, मग याचा आपल्याला काय उपयोग? बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. त्यांच्या लढ्याचे कागद आपल्याला उपयोगी पडतात, हे त्यांना ठाऊक होते.

ज्यूरी नसली तरी याद्या आहेतच. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व सनियंत्रण समिती असते. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे अशासकीय सदस्य नेमायचे असतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घ्यायची असते. आपल्या जिल्ह्यातल्या समितीवर कोण आहे? त्यांना कोणी निवडले, कोणत्या निकषावर? बैठकीची सूचना त्यांना लेखी गेली का, आणि कधी? शेवटच्या चार बैठकांचे इतिवृत्त कुठे आहे? माहिती अधिकारात एवढे चार प्रश्न विचारले, तरी आपल्या वहीवर भिंग धरले जाईल. ग्रामसभेची नोटीस आपल्या वस्तीत लागते का, मतदार यादीतून कोणाची नावे गळली, हेही तपासले पाहिजे.

मोर्चे काढलेच पाहिजेत. पण मोर्चा संपल्यावर कचेरीतली यादी जशीच्या तशी राहिली, तर आपण फक्त घोषणा देऊन घरी आलो. स्कॉट्सबरोच्या मुलांसाठी वही मागणारा माणूस उभा राहिला होता. आपल्या जिल्ह्याची वही आपणच मागायची आहे.

जय भीम!