लायबेरियन स्त्रियांचे शांतता आंदोलन
पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे दुसरे यादवी युद्ध (१९९९–२००३) थांबवण्यासाठी ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रियांनी मिळून उभारलेली अहिंसक चळवळ. लेमा ग्बोवी यांच्या ख्रिस्ती गटाला असातू बाह केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी महिलेने आपल्या समाजातील स्त्रियांची जोड दिली. या एकीवर दोन्हीकडे कुरकूर झाली. पण गोळी धर्म विचारत नाही, या युक्तिवादापुढे ती टिकली नाही. २००३ मध्ये पांढरे कपडे घालून या स्त्रिया राजधानी मन्रोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानावर उन्हापावसात बसून राहिल्या. घानातील आक्रा येथे शांतता वाटाघाटी रेंगाळताच जुलैमध्ये त्यांनी सभागृहाचे दारच अडवले. १८ ऑगस्टला करार झाला. त्याचे श्रेय एकट्या या चळवळीला देता येत नाही. लष्करी व आंतरराष्ट्रीय दबावही होता. ग्बोवी २०११ च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी ठरल्या; केनेथ त्यामानाने अपरिचितच राहिल्या.